मोरी बदला, पण ओहोळाच्या मापाने

एप्रिल-मे आला की ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत कुठे ना कुठे रस्ता आडवा खणलेला दिसतो. कडेला सिमेंटचे नळ रचलेले, जेसीबी नाल्याच्या पात्रातच उभा, मुरमाचा तात्पुरता भराव आणि वळसा घालून जाणाऱ्या वाहनांची रांग. मोरी बदलण्याचं काम चालू असतं. अशा वेळी कुणी विचारलं की बाबांनो, खाली पाणथळ आहे, पुढे खाडी आहे, हा सगळा गाळ कुठे जाणार, तर उत्तरं ठरलेली असतात. ‘अहो, हा नाला आहे, नदी नाही.’ ‘यात सांडपाण्याशिवाय आहे काय?’ ‘पाऊस तोंडावर आलाय, लोकांचे हाल होतायत.’ ‘याला कायद्याने कसलीही परवानगी लागत नाही.’ आणि शेवटचं, जरा चिडून: ‘तुम्हा पर्यावरणवाल्यांना रस्तेच नकोत.’

ही उत्तरं केवळ ठेकेदाराच्या मुकादमाची असती तर सोडून देता आली असती. पण निवृत्त अभियंते, सोसायट्यांचे सेक्रेटरी, नगरसेवक, रोज दोन तास कोंडीत अडकणारे नोकरदार असे सगळेच हे बोलतात आणि मनापासून बोलतात. म्हणून त्यांचा प्रतिवाद करायला हवा. शेवटच्या आरोपापासून सुरुवात करतो, कारण तो निकालात काढायला सर्वांत सोपा आहे.

मोऱ्या बदलायलाच हव्यात. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी बसेस प्रवाशांसकट वाहून गेल्या. त्यानंतर जुनं बांधकाम आहे तसं राहू द्या, असं म्हणायचा अधिकार कुणालाच उरलेला नाही. गंजलेली सळई, फुटलेला नळ, खचलेली भिंत यांना पर्यावरण म्हणून कवटाळत कुणी बसलेलं नाही. माझी तक्रार उलटी आहे. आपण मोऱ्या बदलतो म्हणतो, पण खऱ्या अर्थाने बदलत नाही. जुनी चूक उपसून काढतो आणि तीच चूक नव्या काँक्रीटमध्ये पुढच्या पन्नास-साठ वर्षांसाठी पक्की करतो.

डोंबिवलीच्या पूर्वेकडची सत्तावीस गावं घ्या. २०१५ साली ती कल्याण-डोंबिवली महापालिकेत आली. त्याआधी तिथले रस्ते ग्रामपंचायतीचे किंवा जिल्हा परिषदेचे. दोन्ही बाजूंना भातखाचरं आणि रस्त्याखाली सिमेंटचे एक-दोन नळ. (या नळांना आपण सरसकट ह्यूम पाईप म्हणतो. ह्यूम हा ऑस्ट्रेलियाचा. पण १९२६ साली इंडियन ह्यूम पाईप कंपनी उभी केली ती सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. तेव्हा या नळाशी आपलं नातं तसं घरचंच आहे.) भातशेतीच्या काळात ते नळ पुरायचे, कारण पाऊस आधी खाचरांच्या बांधात थांबायचा आणि मग सावकाश ओहोळात उतरायचा. आता खाचरांच्या जागी टॉवर, पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीटचे रस्ते आहेत. पाणी थांबायला जागाच राहिलेली नाही.

थोडा हिशेब करू. एक चौरस किलोमीटरचं पाणलोट धरा. पाऊस तासाला २५ मिलिमीटर. मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या याच मापाने बांधलेल्या होत्या. त्यातलं निम्मं पाणी मुरलं, तर ओहोळात सेकंदाला साधारण साडेतीन घनमीटर पाणी येतं. ९०० मिलिमीटर व्यासाचे दोन नळ चांगल्या वेगाने, पूर्ण भरून वाहिले तर जवळपास तेवढंच पाणी नेतात. म्हणजे जुन्या माणसांचा अंदाज काही वाईट नव्हता. आता पाऊस तासाला ५० मिलिमीटर धरा. मुंबईसाठी १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने हेच माप सुचवलं होतं. सिमेंटमुळे त्यातलं ८० टक्के पाणी वाहून येतं असं समजा. प्रवाह सेकंदाला ११ घनमीटरवर जातो, तिपटीहून जास्त. त्याला निदान तीन मीटर रुंद आणि दीड मीटर उंच पेटी, म्हणजे काँक्रीटची चौकोनी मोरी, हवी. प्रत्यक्षात काय होतं? ९०० चे दोन नळ काढून १२०० चे दोन बसवले जातात आणि ‘क्षमता वाढवली’ म्हणून फलक लागतो. त्याच वेगाने हे नवे नळ जेमतेम सहा घनमीटर नेतात. वाढत्या पोराला गेल्या वर्षीच्या चपलेवरून माप घेऊन चप्पल आणावी, तसला हा प्रकार.

उरलेलं पाणी वरच्या अंगाला तुंबतं आणि लोकांच्या घरात शिरतं. नळातून जे सुटतं ते असं जोरात सुटतं की खालच्या तोंडाशी डोह खणतं, काठ कापतं आणि कापलेली माती पुढच्या पाणथळीत नेऊन टाकतं. दोन नळांच्या मधल्या भिंतीला फांद्या, प्लास्टिक, गाद्या अडकतात. मग दर वर्षी नालेसफाईची निविदा निघते आणि मोरी वारंवार तुंबते, याचा दोष नागरिकांच्या कचऱ्याला दिला जातो. कचऱ्याचा दोष आहेच. पण एकसंध, रुंद तोंडाच्या मोरीतून तोच कचरा निदान पुढे तरी सरकतो.

यात मी अभियंत्यांना काही नवं शिकवत नाही. सहा मीटरपर्यंतच्या बांधकामाला भारतीय रस्ते परिषद (आयआरसी) मोरी समजते आणि लहान पूल व मोऱ्यांसाठी तिची स्वतंत्र मार्गदर्शक पुस्तिका आहे, आयआरसी एसपी १३. पाणलोट मोजा, प्रवाह काढा, पात्राचा छेद घ्या, पुराच्या खुणा शोधा, पूर कुठवर चढतो ते आसपासच्या रहिवाशांना विचारा, हे सगळं त्यात आहे. रहिवाशांना विचारणं ही कार्यकर्त्यांची मागणी नाही, ती इंजिनिअरिंगची पायरी आहे. तुमच्या गल्लीतली मोरी बदलताना तुम्हाला कुणी येऊन विचारलं होतं का, की काका, २६ जुलैला पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं?

आता ‘नाला आहे, नदी नाही’ या उत्तराकडे वळू. मुंबईतल्या असंख्य लोकांना आपल्या शहरात मिठी नावाची नदी आहे हे कळलं ते २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा. तोवर तीही नालाच होती. आपल्याकडे वालधुनी आहे. काकोळ्याच्या डोंगरात ती उगम पावते, अंबरनाथच्या अकराव्या शतकातल्या शिवमंदिराला लागून वाहते, पुढे उल्हासनगर आणि विठ्ठलवाडीतून कल्याणला येऊन खाडीला मिळते. वरच्या अंगाला तिचं पाणी अडवून जीआयपी रेल्वेने तलाव बांधला, म्हणजे रेल्वेलाही ती पाण्याची वाट म्हणून कामाची वाटली होती. आज कल्याणात तिच्या काठावर राहणारा माणूस तिला नाला म्हणतो, आणि पावसाळ्यात रात्री उठून पाण्याची पातळी बघतो. पाण्याला महापालिकेच्या दप्तरातली नोंद वाचता येत नाही. उतार कुठे आहे तेवढं त्याला कळतं.

घोडबंदर रस्त्यावर हा उतार उघड्या डोळ्यांनी दिसतो. एका हाताला येऊरचा डोंगर, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा ठाण्याकडचा भाग. दुसऱ्या हाताला उल्हासची खाडी. डोंगरावर पडलेला पाऊस खाडीला पोचायचा तर त्याला मानपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळे, गायमुख या पट्ट्यात रस्ता ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही. पूर्वी एकच रस्ता होता. मग सेवा रस्ते आले, दोन्ही बाजूंना संकुलं आली, मेट्रो ४ चे खांब आले, आता सेवा रस्ते मुख्य रस्त्यात घेतले जात आहेत. प्रत्येक वेळी मोरी लांबवली गेली. लांबवलेल्या मोरीची मधली तोंडं जुन्या मापाची, बाहेरची नव्या मापाची, आणि आत काय आहे ते पाहायला कुणी उतरत नाही. पाणी मात्र दर पावसाळ्यात त्यातल्या सर्वांत अरुंद जागेला जाऊन थांबतं.

‘यात सांडपाण्याशिवाय आहे काय?’ हा प्रश्न विचारणाऱ्याने एकदा जुलैमध्ये येऊरच्या पायथ्याशी जावं. डोंगरातून येणारं पाणी स्वच्छ असतं. ते घाण होतं आपल्या हद्दीत शिरल्यावर. म्हणजे आधी ओहोळात मैला सोडायचा आणि मग त्यात मैला आहे म्हणून तो वाचवण्यासारखा नाही असं ठरवायचं. हा न्याय खुनाच्या आरोपीला लावला तर तो निर्दोष सुटेल, कारण मेलेला माणूस तसाही आता जिवंत नाही. वालधुनी आणि उल्हासच्या प्रदूषणाचा खटला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, कारण हे प्रवाह घाण असले तरी मेलेले नाहीत आणि त्यांच्यावर लाखो लोकांचं पाणी अवलंबून आहे. शिवाय सांडपाणी वाहणारा नालासुद्धा पूर वाहून नेण्याचं काम करतो, त्याच्या काठची दलदल गाळ धरून ठेवण्याचं काम करते. मोरीच्या कामात खणलेली माती थेट पात्रात ढकलली तर ती सांडपाण्यात मिसळते म्हणून नाहीशी होत नाही. ती खाडीत जाते. ठाणे खाडी ऑगस्ट २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या यादीत जाहीर झाली. फ्लेमिंगो अभयारण्य धरून सुमारे साडेसहा हजार हेक्टर. त्या यादीचं अभिनंदन करणाऱ्या जाहिराती ज्या कार्यालयांनी दिल्या असतील, त्यांच्याच शेजारच्या टेबलावरून या मोऱ्यांचे कार्यादेश निघतात.

आणि या ओहोळांत काहीच नसतं तर वलगण कुठून आली असती? आगरी-कोळी घरांत हे सांगावं लागत नाही. मृगाच्या पहिल्या जोरदार पावसाला ओहोळ भरले की खालचे मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतात, खाचरांत शिरतात. तळकोकणात त्यांना चढणीचे मासे म्हणतात. रात्री बत्ती घेऊन पाग आणि खोईन लावून ते पकडायला माणसं जातात. मुठे, म्हणजे शेतातले खेकडेही, त्याच दिवसांत बिळाबाहेर पडतात. येऊरच्या पाड्यांवरच्या वारली कुटुंबांना हा अन्नाचा हंगाम आहे. सत्तावीस गावांत अजून जिथे थोडी खाचरं उरली आहेत तिथे वलगण येते, जिथे मोरी चढू देते तिथवर येते.

मोरी चढू देत नाही ती दोन कारणांनी. नळ पात्राच्या तळापेक्षा उंच बसवला की खालच्या बाजूला पाणी धबधब्यासारखं पडतं आणि बोटभर लांबीचा मासा तो दोन फुटांचा धबधबा चढू शकत नाही. दुसरं म्हणजे गुळगुळीत काँक्रीटच्या नळात पाण्याचा वेग इतका वाढतो की मासा पोहत पोहत दमतो आणि मागे वाहून येतो. विसाव्याला दगड नाही, गोटे नाहीत. यावरचा उपाय इतका साधा आहे की तो न करण्याला आळसाशिवाय दुसरं कारण सापडत नाही. पेटीचा तळ पात्राच्या तळापेक्षा फूट-दीड फूट खाली न्या, त्यावर त्याच ओहोळातले दगडगोटे परत टाका, आणि रुंदी पात्राच्या रुंदीपेक्षा कमी ठेवू नका.

हे अमेरिकेतल्या श्रीमंतांचे चोचले आहेत असं कुणी म्हणेल, म्हणून अमेरिकेतलीच गोष्ट सांगतो. वॉशिंग्टन राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथल्या आदिवासी जमातींशी करार झाले होते की त्यांचा मासेमारीचा हक्क राहील. राज्याने रस्ते बांधले, रस्त्यांखाली मोऱ्या टाकल्या, आणि सामन मासे वर चढेनासे झाले. एकवीस जमाती न्यायालयात गेल्या. २०१३ मध्ये न्यायालयाने राज्याला आदेश दिला की मासे अडवणाऱ्या मोऱ्या बदला. राज्य सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढलं आणि जून २०१८ मध्ये न्यायमूर्तींचं मत चार विरुद्ध चार असं विभागल्याने खालचा आदेश कायम राहिला. आपल्या आगरी, कोळी, वारली माणसांकडे असा करार नाही. म्हणून त्यांच्या ताटातला मासा कमी खरा ठरत नाही.

भरतीच्या टापूत, म्हणजे दिवा, मुंब्रा, मोठागाव, बाळकूम, गायमुख अशा ठिकाणी, मोरीला आणखी एक काम असतं आणि तिथे आपली सर्वांत मोठी गफलत होते. डोंगराकडून खाली येणारं पाणी सोडणं एवढंच तिचं काम नसतं. दिवसातून दोनदा खाडीचं पाणी तिच्यातून वर जायला हवं. खारफुटी त्याच खाऱ्या पाण्यावर जगते. भराव टाकून रस्ता काढला, त्याखाली दोन नळ टाकले आणि ते गाळाने बुजले, की रस्त्याच्या आतली खारफुटी वर्ष-दोन वर्षांत वाळून जाते. कुणी कुऱ्हाड लावलेली नसते, त्यामुळे गुन्हाही कुणावर नोंदत नाही. मग ती जागा ‘पडीक’ ठरते. पडीक जागेचं पुढे काय होतं हे ठाणे जिल्ह्यातल्या वाचकाला मी सांगायची गरज नाही.

आपल्या बापजाद्यांना हे गणित येत होतं. खारबंदिस्तीला त्यांनी उघाड्या ठेवल्या होत्या. खाडीचं पाणी किती आत घ्यायचं, पावसाचं किती आणि कधी बाहेर सोडायचं, कुठली फळी कुठल्या भरतीला टाकायची, हे गावाच्या हातात होतं आणि त्याची देखभाल गाव मिळून करायचं. त्यांनी खाडी अडवली हे खरं, पण अडवताना पाण्याला दोन्ही दिशा असतात हे ते विसरले नाहीत. आजच्या अंदाजपत्रकात मोरीला एकच दिशा असते.

याचं ताजं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. नेरुळमधलं डीपीएस शाळेजवळचं तळं जवळपास तीस एकरांचं. भरतीला खाडीत उभं राहायला जागा उरत नाही तेव्हा फ्लेमिंगो इथे येऊन थांबतात. शेजारी बांधकामं झाली, खाडीचं पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्या, तळं आटलं, शेवाळलं, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात या परिसरात फ्लेमिंगो मेले. ओरड झाल्यावर वाटा मोकळ्या करण्याच्या गोष्टी सुरू झाल्या, आणि २०२५ मध्ये राज्य सरकारने या तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा द्यायचा निर्णय घेतला. काही नळ आणि त्यांच्यातला गाळ, एवढ्यावर एक पाणथळ मरणार की जगणार हे ठरत होतं. आता बाळकूम ते गायमुख हा सुमारे साडेतेरा किलोमीटरचा किनारी रस्ता होतो आहे. तो जिथे खांबांवर असेल तिथे प्रश्न कमी. जिथे भरावावर असेल तिथे येऊरच्या प्रत्येक ओहोळाला घोडबंदर रस्ता ओलांडून झाल्यावर, अगदी खाडीच्या तोंडाशी, पुन्हा एकदा मोरीतून जावं लागेल. त्या मोऱ्यांची मापं आज कागदावर आहेत. त्यांच्यावर बोलायची वेळ आज आहे.

कायद्याच्या मुद्द्यात तथ्य आहे, म्हणूनच तो जास्त फसवा आहे. २०१७ च्या पाणथळ नियमांनी नदीचं पात्र आणि भातखाचरं पाणथळीच्या व्याख्येतून वगळली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ज्या दोन लाखांवर पाणथळींना संरक्षण दिलं, त्या सगळ्या सव्वादोन हेक्टरपेक्षा मोठ्या. म्हणजे ओहोळ, त्याच्या काठची पाऊण एकराची दलदल आणि पलीकडचं खाचर, तिन्ही चाळणीतून खाली पडतात. पण खारफुटी पडत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात खारफुटीचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला आणि तिच्याभोवतीचा पन्नास मीटरचा पट्टाही संरक्षित केला. भरतीच्या टापूतली मोरी उकरणाऱ्याने ‘परवानगी लागत नाही’ म्हणण्याआधी हा निकाल वाचावा. आणि जिथे खरोखरच परवानगी लागत नाही, तिथलं काय? परवानगी लागत नाही याचा अर्थ काळजी घ्यायला मनाई आहे असा होत नाही. मोरीजवळ काम करताना प्रवाहाचं रक्षण करायला ठेकेदाराला कुठल्याही कायद्याने अडवलेलं नाही.

राहिली घाई. पाऊस तोंडावर येतो, हे खरंच. पण तो दर वर्षी त्याच सुमाराला येतो. मोसमी वाऱ्यांनी आपल्याला कधी दगा देऊन फेब्रुवारीत गाठलेलं नाही. दिवाळीनंतर डोंगराकडचे ओहोळ रोडावत जातात. मोरीचं काम करायला तो काळ सर्वांत चांगला. त्या काळात फाइल एका विभागातून दुसऱ्या विभागात जात असते. मार्चअखेर निधी खर्ची पडावा म्हणून कार्यादेश निघतो, एप्रिलमध्ये खोदाई होते, मे संपता संपता अर्धी पेटी उभी राहते, आणि पहिल्या पावसात वळणासाठी टाकलेला मुरमाचा भराव, सिमेंटची धुवण, खणलेली माती हे सगळं ओहोळ स्वतःच्या खर्चाने खाली नेतो. सावित्रीवरचा नवा पूल वर्षाच्या आत उभा राहिला होता. त्यामुळे सरकारला वेळेत काम जमतच नाही असं मी म्हणणार नाही. जमतं, इच्छा असली की.

कोरड्या जागेत काम करणं म्हणजे काय, तेही सांगून टाकतो, कारण ‘ते इथे शक्य नाही’ हे वाक्य फार सहज बोललं जातं. वरच्या अंगाला वाळूच्या गोण्यांचा बांध घालायचा, पाणी तात्पुरत्या नळाने किंवा पंपाने कामाच्या जागेला वळसा घालून खाली सोडायचं. खड्ड्यातलं गढूळ पाणी थेट ओहोळात न उपसता आधी एका खाचेत किंवा टाकीत निवळू द्यायचं. मिक्सर आणि पाट्या पात्रात धुवायच्या नाहीत. ओल्या सिमेंटचं पाणी इतकं अल्कधर्मी असतं की थोड्या पाण्याच्या डोहात ते मिसळलं तर त्यातला मासा मरतो. यंत्र काठावर ठेवायचं. डोहात अडकलेले मासे, खेकडे काम सुरू होण्याआधी बादलीने खाली सोडायचे. काम संपल्यावर तात्पुरता भराव काढून न्यायचा, पाण्यावर भरवसा ठेवून तिथेच सोडायचा नाही. यातली कुठली गोष्ट डोंबिवलीच्या ठेकेदाराला जमणार नाही? गोण्या भरायची की बादली उचलायची?

खर्च वाढेल, ही हरकत मात्र गंभीर आहे. रुंद पेटीला नळांपेक्षा जास्त पैसे लागतात, त्यात वाद नाही. पण खर्च कुठे संपतो ते बघा. ऑगस्ट २०११ मध्ये आयरीन वादळाने अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात हाहाकार उडवला, रस्ते आणि मोऱ्या मोठ्या प्रमाणात वाहून गेल्या. तिथल्या ग्रीन माउंटन राष्ट्रीय वनात काही मोऱ्या आधीच ओहोळाच्या पूर्ण रुंदीने, नैसर्गिक तळ ठेवून बांधलेल्या होत्या. त्या टिकल्या. माशांसाठी केलेला खर्च रस्त्याच्या कामी आला. जुलै २०२१ च्या पुरात कल्याण-मुरबाड रस्त्यावर उल्हासवरच्या रायते पुलाला जोडणारा रस्ता उखडला आणि वाहतूक बंद पडली. जुलै २०१९ मध्ये बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारावर प्रवाशांसह उल्हासच्या पुरात उभी होती. त्यांना बोटींनी काढावं लागलं. पूरक्षेत्रातून गेलेला रस्ता असो की रूळ, तो एक बांध असतो, आणि पाण्याला पलीकडे जायला आपण जेवढी तोंडं ठेवली तेवढीच. कल्याण-बदलापूर मार्गावर तिसरी-चौथी मार्गिका होते आहे. तिच्याखालच्या मोऱ्यांची मापं कुणी तपासली, हा प्रश्न प्रवासी संघटनांनी उशीर व्हायच्या आधी विचारलेला बरा.

तेव्हा रस्ता हवा की ओहोळ, असा हा वादच नाही. ज्या मोरीतून ओहोळ नीट जात नाही तिच्यावरचा रस्ताही टिकत नाही. ठाणे, कल्याण-डोंबिवली महापालिका, एमएमआरडीए आणि सार्वजनिक बांधकाम खातं यांनी मोरीच्या प्रत्येक अंदाजपत्रकात चार स्वतंत्र बाबी घालाव्यात आणि त्यांचे पैसे वेगळे द्यावेत: आजच्या पावसावरून काढलेलं तोंडाचं माप, काम चालू असताना पाणी वळवणं, गाळ निवळवणं, आणि तात्पुरता भराव काढून पात्र पूर्ववत करणं. भरतीच्या टापूत पाचवी, दोन्ही दिशांचा प्रवाह. ज्या कामाची बाब नसते ते काम ठेकेदार करत नाही, आणि त्यात त्याचा दोषही नसतो.

वाचकांना एकच विनंती. तुमच्या भागातली मोरी बदलायचा ठराव झाल्याचं कळलं, तर त्याच आठवड्यात माहिती अधिकारात तिचं अंदाजपत्रक आणि प्रवाहाचा हिशेब मागवा. या बाबी त्यात नसतील तर लेखी हरकत घ्या, निविदा उघडण्याच्या आधी. जेसीबी पात्रात उतरल्यानंतर घेतलेल्या हरकतीचा ओहोळाला काही उपयोग होत नाही.